एकट्याची शिकार आणि जास्तीचा महिना

लग्नानंतर शशिधर दिघ्यांनी एकट्याने केलेली एकमेव गोष्ट म्हणजे दाढी. (तीसुद्धा बाथरूमचं दार कोणी ठोठावेपर्यंत.) म्हणून दोन हजार चारच्या वसंतात, पन्नाशी गाठताच, लेस्टरच्या या गृहस्थांनी ठरवलं, की स्कॉटलंडच्या उभ्या कड्यांत एकट्याने जायचं आणि एक शिंगवालं हरीण मारायचं.

बंदुकीचं लायसन्स होतं. गन क्लबात दर रविवारी पुठ्ठ्याची हरणं पटापट पडत होती. डोंगराचे मालक मॅकी यांनी सोबतीला माणूस न देता सोडायचं कबूल केलं होतं, पण याच वर्षी. पुढे डोंगर विकला जाणार होता. शशिधररावांनी क्लबभर बढाई मारून ठेवली. आता माघार म्हणजे नाकच कापलं जायचं.

सीझन एक जुलै ते वीस ऑक्टोबर. वेळच वेळ! त्या भरवशावर सराव सुरू झाला. पाठीवर तांदळाच्या पिशव्या बांधून ते ब्रॅडगेट पार्कची टेकडी चढले आणि पाय मुरगळून तांदळासकट खाली आले. जुलैचा पहिला पंधरवडा सोफ्यावर गेला.

"आता अठराला निघतो," ते लंगडत म्हणाले.

स्वातीताईंनी पोळी लाटता लाटता पुण्याहून आलेल्या कॅलेंडरकडे पाहिलं. "अहो, अठराला अधिक श्रावण महिना लागतोय. घरात अंडं फुटायचं नाही, आणि तुम्ही हरीण मारणार?"

"बरं, ऑगस्टच्या मध्यावर."

"श्रावण."

"अगं, तो तर होऊन गेलेला असेल ना?"

"तो अधिक. हा निज. यंदा दोन आहेत."

शशिधररावांच्या कपाळाची शीर उडू लागली. "मग श्रावण संपला की लगेच!"

"आणि मखर कोण करणार? गणपती बसतायत."

"विसर्जन झालं की निघतो!"

"पितृपक्षात? नानांचं, सख्ख्या वडिलांचं, श्राद्ध टाकून?"

"आणि त्यानंतर?" (आवाज आता रडवेला झाला होता.)

"घट बसतील. दसरा झाला की खुशाल जा. बावीस ऑक्टोबर. मी कुठे अडवलंय?"

"अगं, वीसनंतर फक्त माद्या मारतात!"

"लेकुरवाळ्या बाईवर बंदूक? शोभतं का तुम्हाला?"

"मी हे असलं काही मानत नाही! मी जाणार म्हणजे जाणार!" शशिधरराव गरजले.

"जा की," स्वातीताई म्हणाल्या आणि त्यांनी पोळी उलटली.

इथेच घोळ झाला. बायको अडवती, तर ते हट्टाने गेलेही असते. पण ज्या माणसाने (मानत नसला तरी) अधिकात कधी ऑम्लेट खाल्लं नाही, त्याला आता डोळे मिटले की कड्यावर हरीण दिसे, आणि हरणाचा चेहरा थेट नानांचा असे.

शेवटी त्यांनी मॅकींना फोन केला. आमच्या कॅलेंडरात यंदा एक महिना जास्तीचा आलाय, सगळं पुढे ढकललं गेलंय, माझा अगदी नाइलाज आहे, असं पोटतिडकीने सांगितलं.

मॅकींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मिस्टर दिघे, तुम्हाला यंदा तेरा महिने मिळाले?"

"हो ना!" कोणीतरी आपलं दुःख समजून घेतंय, या आनंदाने शशिधरराव म्हणाले.

"आणि तेरा महिन्यांत तुम्हाला एक दिवस सापडला नाही?"