संपतमामा वकील पारखतात

संपतमामांच्या घरी नवा पाहुणा आला की त्याला आधी चालून दाखवावं लागे. 'या, बसा' नंतर. आधी, "जराक त्या निंबापावतर जाऊन या बरं." पाहुणा बिचारा काही न कळून निंबापर्यंत जाऊन यायचा. मामा ओसरीवर उकिडवे बसून त्याच्या पायांकडे बघत राहायचे. पसंत पडला तर चहा, नाहीतर नुसतं पाणी. तोंडाकडे ते फारसं बघतच नसत. "तोंड काय, कोनाचंबी गोडच असते," असं त्यांचं म्हणणं. "खोट असते ते पायात."

मामा बैलांच्या सौद्यातले दलाल होते. मेडशीच्या आसपासच्या कुठल्याही बैलबाजारात त्यांनी पाठीवरून हात फिरवलेला बैल लोक डोळे मिटून घेत. ते माझ्या आईच्या गावचे, म्हणून मामा; रक्ताचं नातं काही नाही. पण मी वाशीमला कारकून म्हणून लागलो, कोर्टामागच्या गल्लीत खोली घेतली, आणि हे नातं एकाएकी फार घट्ट झालं. वाशीमला काम निघालं की मामा थेट माझ्या दारात. सोबत ज्वारीची पिशवी, आणि माझ्या चालण्याबद्दल एखादा शेरा.

पंच्याहत्तर-शहात्तरचा उन्हाळा असेल. मामा आले ते मुलीला घेऊन. शांता त्यांची एकुलती एक. मामी ती लहान असतानाच गेली, आणि मामांनी दुसरं लग्न न करता हिला वाढवलं. तिची वेणीफणीसुद्धा तेच करत, आणि ती वेणी बैलाच्या कासऱ्यासारखी घट्ट असे असं आई सांगायची. शांता जऊळक्याला दिली होती. तिच्या नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली, हिला माहेरी धाडलं आणि वर स्वतःच कोर्टात फारकतीचा अर्ज टाकला. तिकडच्या चार शहाण्यांचा निरोप आला होता, की साडीचोळी घ्या, सही करा आणि मोकळे व्हा. सासरी एवढी जमीन, त्यात हिनं वर्षानुवर्षं कापूस वेचलेला, आणि हिच्या वाट्याला एक लुगडं!

"भासेबुवा, चांगला वकील पाह्यजे," मामा म्हणाले. "त्याईनं अकोल्याचा केला. कोर्टातली पेशी मंगळवारी हाय."

"मामा, अहो, वकील म्हणजे काय बैल आहे का, बाजारात गेलं आणि घेऊन आलं?" मी गमतीनं म्हणालो. माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

"मंग फरक काय हाय?" मामांचे डोळे चमकले. "दोघाईलेबी जुपाच लागते ना?"

पहिला वकील मीच सुचवला. मोठं नाव, भिंतभर पुस्तकं, उन्हाळ्यातही काळा कोट. त्यांनी मामांना विचारलं, "बोला, काय म्हणणं आहे तुमचं?" मामा म्हणाले, "वकीलसाहेब, जराक दारापावतर जाऊन या." साहेबांना वाटलं दाराशी कुणी आलंय. ते उठून गेले, बाहेर डोकावले, परत आले. मामांनी मान हलवली आणि नमस्कार करून उठले. रस्त्यावर आल्यावर मला म्हणाले, "मागचं अंग बसलं हाय त्याचं. लंब्या पल्ल्याले चालनार नाई. मधीच बसन."

"मामा, ते कोर्टात बसूनच काम करतात."

"तेच तं सांगून राह्यलो!"

दुसरा वकील तरुण होता. पांढरी बेलबॉटम पँट, केसांचा कोंबडा. "तुमचं काय म्हणणं आहे, काका?" असं त्यानं विचारलं आणि टेबलावर वाकून लिहायला घेतलं. मामांनी हातातली छत्री एकदम त्याच्या तोंडासमोर फाडकन उघडली. बिचारा खुर्चीसकट मागं गेला. दौत सांडली, शाई त्या पांढऱ्या पँटवर. मामा शांतपणे छत्री मिटत म्हणाले, "बुजरा हाय. समोरून अकोल्याचा वकील आला का हा धुरा सोडून पयून जाईन." मी त्या मुलाची माफी मागत होतो तोवर मामा जिना उतरूनही गेले होते. शांता मागं थांबली आणि आपल्या रुमालानं टेबल पुसून मग उतरली.

तिसऱ्याच्या वेळी मात्र मला वाटलं, सुटलो. हा गृहस्थ चालला चांगला, छत्रीला दचकला नाही, उलट "ऊन फार आहे नाही?" म्हणाला. मामा खुश झाले. आता फी ठरवायची. वाचकांपैकी कुणी बैलबाजारात गेलं असेल तर ठाऊक असेल, तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल दुपट्ट्याखाली समोरच्याचा हात धरतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो, म्हणजे भोवतालच्या दहा जणांना भाव कळू नये. बाहेर बाकावर चार पक्षकार बसलेले. मामांनी अगदी रिवाजाप्रमाणे खांद्यावरचा दुपट्टा काढला, वकिलाच्या हातावर टाकला आणि खालून त्याची दोन बोटं घट्ट धरली. दुर्दैवानं त्यातल्या एका बोटात त्याच्या सासऱ्यानं दिलेली अंगठी होती.

"अंगठी! अहो, अंगठी काढतोय हा!" वकील ओरडला.

"आवाज कायले करता?" मामा दटावून म्हणाले. "लोकाईले भाव समजन ना!" आणि आकडा नामंजूर झाला असं समजून त्यांनी आणखी एक बोट दाबलं.

मुन्शी धावत आला, बाकावरचे चौघे आत आले, आणि आम्ही कसे बाहेर पडलो ते मी सांगत नाही. त्यानंतर बरेच दिवस मी कोर्टासमोरचा रस्ता सोडून लांबून ऑफिसला जात होतो.

मी वैतागलो होतो. मंगळवार डोक्यावर आला होता आणि सगळ्या वाशीमभर बातमी झाली होती, की एक म्हातारा वकिलांना बुजवत फिरतो आहे. शेवटी एका चहावाल्यानं सांगितलं म्हणून आम्ही एका म्हाताऱ्या वकिलाकडे गेलो. पाठीला पोक, तोंडात दात नाहीत, खोलीत एक खुर्ची, तीही त्यांचीच. मामांनी दारातच माझ्या कानात सांगितलं, "याची उमर सरली, भासेबुवा. चला."

पण म्हाताऱ्यानं तोवर माठातून पाण्याचा पेला भरला होता. तो त्यांनी मामांना नाही, शांताला दिला. आणि विचारलं, "बाई, तुले काय पाह्यजे?"

आधीच्या तिघांपैकी कुणीच तिला हे विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं. मामा लगेच सरसावले, "साहेब, तिचं म्हननं असं हाय का..."

"तुमचं लग्न मोडून राह्यलं का?" म्हातारा म्हणाला.

"नाई."

"मंग बाहेर बसा."

मामांना असं कुणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं. ते शांताकडे बघायला लागले. ती हळूच म्हणाली, "बसा बाबा जराक बाहेर." मामा निमूट बाहेर आले.

आम्ही पायरीवर बसलो. मी चिडूनच विचारलं, "मामा, एक वकील ठरवायला एवढा तमाशा काहून करता?"

मामांनी मांडीवरची छत्री बाजूला ठेवली. मग म्हणाले, "बैल घ्याचा असला तं मी चार चार बाजार फिरतो, भासेबुवा. गाडीले जुपून पाह्यतो, वखराले जुपून पाह्यतो. आन शांतीसाठी पोरगा पाह्याले गेलतो, तवा टेरिलिनचा सदरा पाह्यला, हातात घड्याळ पाह्यलं, चहा पेलो. घाई झालती मले. माय नोती तिले. येका कपात पोरगी देऊन आलो."

जो माणूस सगळ्या मुलखाचे बैल पारखत होता, त्याला रात्र-रात्र काय खात असेल ते मला तेव्हा कळलं, आणि त्या बुजलेल्या वकिलाचं, त्या अंगठीचं हसूच येईना.

पुढं केस त्याच म्हाताऱ्यानं चालवली आणि तो अकोल्याच्या वकिलाला पुरून उरला. तडजोडीत शांताला हवं होतं ते मिळालं. पण ते सगळं सरळ झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला आठवतो तो त्या दिवसाचाच शेवट. शांता बाहेर आली. डोळे रडलेले होते, पण मान ताठ होती.

"बाबा, हाच वकील."

"काय सांगतलं तू त्याले?" मामांनी विचारलं.

"दोन एकर पाह्यजे म्हटलं माह्या नावानं. जिथं मी राबली तेच. साडीचोळी त्याईची त्याईलेच राहू द्या."

"आजूक?"

शांता पदराशी चाळा करायला लागली. "आजूक म्हटलं का कागदात लिहा, यात माह्या बापाची काई चूक नाई."

मामा तिच्याकडे बघतच राहिले. "मंग? लिहिलं त्यानं?"

"नाई. म्हने, असं कोर्टात लिहीत नसते बाई."

मामांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. "येवढं येक लिहिता येत नाई त्याले," ते म्हणाले, "कायचा वकील हाय तो, बाप्पा!" आणि भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागले. शांता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.