शालूकाकी बाटली उबवते

बायकांच्या कमरेला चाव्या असतात. आमच्या शालूकाकीच्या कमरेला काचेची बाटली असते!

त्यात विहिरीचं पाणी आणि तपासणीची पावडर. एक-दोन दिवस ठेवायचं. पाणी काळं पडलं तर विहिरीत घाण, नाही पडलं तर खुशाल प्या. बाटली फळीवर ठेवली तरी चालते, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. पण काकीचं म्हणणं, "फळीवर काय ठेवायची? वायच अंगाची ऊब नको?" मग बाटली कमरेला असेपर्यंत काकी वाकत नाही, धावत नाही, आणि हसायचंच झालं तर भिंतीला धरून हसते. कोंबडी परवडली, ती निदान उठून दाणे तरी टिपते!

पाणी समितीत सरपंचांपासून माझ्या आईपर्यंत सगळे आहेत. पण वाडी घाबरते ती काकीला. कुणी विहिरीवर कपडे आपटले की ही हजर. "गो बाय, साबण तुझा, पण पोट आमचं!" पंप चालवणाऱ्या पांडूदादाने विहिरीशेजारी संडासाचा शोषखड्डा खणायला घेतला, तर ही सरळ खड्ड्यात उतरून बसली. "बुजव मेल्या, मला धरून बुजव!" खड्डा त्याच दिवशी लांब गेला. आणि कुणी म्हणालं, आमचं पाणी गोड लागतं हो, तर उत्तर ठरलेलं. "चव नको सांगूस, बाटली सांगेल."

खाडी जवळ, म्हणून उन्हाळ्यात आमच्या बहुतेक विहिरी मचूळ होतात. काकीची मात्र गोड. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ अख्खी वाडी तिच्या परसात. रहाटाची कुरकुर, कळश्यांची आदळआपट, कुणाची सून, कुणाची सासू, आणि मधे पायरीवर काकी, हायकोर्ट!

या मे महिन्यात काकीच्याच विहिरीची बाटली काळी पडली. काळी म्हणजे डांबर!

"काकी, बाटलीच खराब असेल," आई म्हणाली.

"बाटली नाय खराब. आमच्या बाळाने नवा संडास बांधलान ना, आईला लांब जायला नको म्हणून. मुंबईवरनं फोनवर गवंडी ठरवलान. खड्डा आला विहिरीच्या वरच्या अंगाला. जांभ्यातनं पाझरतंय ते."

समितीची सभा भरली. सगळे चपलांकडे बघत बसले. शेवटी सरपंच म्हणाले, "विहीर बंद नको करूया. पाणी उकळून पिऊ."

काकी तडकली. "पांडूचा खड्डा हलवलात, तेव्हा नाय सुचलं उकळायचं? बंद म्हणजे बंद!" आणि स्वतःच्या विहिरीवर स्वतःच लाल रंगाची फुली मारलीन.

बायका पाण्याला पलीकडच्या वाडीत जायला लागल्या. काकीचा रहाट गप्प. मग काकीच रस्त्यावर उभी. "कुठनं भरलीस गो? चहा घेतेस?" पण डोक्यावर हंडा घेऊन चहाला कोण थांबतंय!

बाळाने फोनवर शंभरदा सॉरी म्हटलं आणि खड्डा खालच्या अंगाला हलवून घेतला. आम्ही पोरांनी विहिरीत उतरून गाळ काढला. पांडूदादाने पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली. तिचा वास पार गेला, आणि काकीने नवी बाटली कमरेला लावली.

काय ते दिवस! मॅचचा स्कोअर कोणी विचारेना. रिक्षावाले ब्रेक मारून ओरडायचे, "काकी, काळी की गोरी?" मुदत संपली त्या सकाळी परसात ही गर्दी! सगळ्यांच्या हातात कळश्या. काकीने बाटली काढली, उन्हात धरली.

स्वच्छ!

पांडूदादाने अशी शिट्टी मारली की माडावरचे कावळे उडाले. आईने तर रहाटाची दोरी विहिरीत सोडायला घेतलीसुद्धा.

"थांब गो!" काकी म्हणाली. तिने बाटली पुन्हा डोळ्यांजवळ नेली. "एकदा बघून भागत नाय. उद्या दुसरी भरते. ती झाली की परत बघू. सगळ्यांनी यायचं हां. चहा माझ्याकडे."

"अहो काकी, नियमात तर एकदाच..." सरपंच बोलायला लागले. आईने त्यांच्या पायावर पाय दिला.

"येतो की," आई म्हणाली. तिने आपली रिकामी कळशी काकीच्या पायरीवर ठेवली आणि हात हलवत घराकडे निघाली. मग पांडूदादाच्या बायकोने तिची ठेवली. मग एकेक करत सगळ्यांनीच.