कडब्याचा ब्रेक

“सरका बे! बाजूला व्हा! म्या आलो!”

वेशीजवळ ही आरोळी उठली की आमच्या कोंबड्या आपणहून माळवदावर चढायच्या, बायको सुपातल्या ज्वारीसकट घरात पळायची आणि मी गोठ्यातले बैल सोडायला धावायचो. मग धुळीचा लोट यायचा, लोटातून एक भुरकी मोटार यायची आणि गोठ्याच्या भिंतीला लावलेल्या आमच्या कडब्याच्या गंजीत दिव्यांपर्यंत घुसून थांबायची. अंबादासतात्या उतरायचे, धोतराची धूळ झटकायचे आणि म्हणायचे, “चहा ठेवा, शेषराव. आपल्याला कुठं घाई हाय?”

सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तात्यांचा जन्म गेला. दुष्काळानं ऊस संपवला, गाळप बंद पडलं, आणि लिलावात तात्यांनी चेअरमनची जुनी मोटार घेतली. ब्रेक चेअरमननंच संपवले होते, असं ते सांगत. “दर गावाला थांबून हार घ्यायचा म्हणल्यावर कसे टिकतेत?” तात्यांच्या गल्लीतून भरल्या पोटाची शेळीसुद्धा आडवी होऊनच जायची, म्हणून मोटारीचा मुक्काम आमच्या अंगणात. लिंबागणेशच्या फाट्याला पेडलवर पाय मारायला सुरुवात करावी, तेव्हा कुठं गाव येईस्तोवर तिचा वेग बैलगाडीवर यायचा. पुढचं काम गंजीचं.

तरी गावाची घरची गाडी तीच. आजारी माणूस, बाळंतीण, नवरदेव, कुणालाही तात्या न्हाई म्हणाले नाहीत. एक बाळंतीण तर, गाडी थांबायची वाट कोण बघतंय म्हणून, वाटेतच मोकळी झाली. पोरगं आजही धावत्या गाडीतूनच उतरतं.

एकदा मीच त्यांना मांजरसुंब्याला रशीद मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्री गाडीखाली गेला तो तात्यांच्या, शेजारच्या ढाब्यावर, दोन भाकरी खाऊन होईस्तोवर बाहेर आला नाही.

“तात्या, चारी चाकाचे ब्रेक लायनर गेले, ड्रम घासलेत, सिलिंडर गळायलंय. साडेसात हजार.”

“येवढे कावून?”

“गाडी इकली तरी तेवढे येणार न्हाईत.”

“मग गाडी तू ठिव,” तात्या म्हणाले, “अन् ब्रेक मला दे.”

विषय संपला.

दुष्काळ काही संपेना. टँकरमागं धावून धावून पाय सुजून घागरीसारखे झाले. पुढं पुढं मला आभाळाकडं बघायचाही कंटाळा आला. गंजी दोन पुरुष उंच होती ती खांद्याला आली, मग कमरेला, मग गुडघ्याला. तात्या बैलांवर ओरडायचे, “बेतानं खा की! माझा ब्रेक खायलात!” आणि ओरडून झालं की बंपरवर बसून त्याच्याखाली अडकलेली एकेक काडी उपसायचे आणि आमच्या पाखऱ्या बैलाच्या तोंडात द्यायचे. मला वाटायचं, म्हातारा पुरावा नष्ट करतोय.

मग एका संध्याकाळी गाडी उरल्यासुरल्या पेंढ्या तुडवून थेट भिंतीला भिडली. गोठ्यात दगड कोसळला. पाखऱ्या वाचला, माझा तोल गेला.

“तात्या, बास झालं! ब्रेक बसवा, न्हाईतर ही ब्याद कारखान्यात नेऊन लावा! आन् गंजीची आशा सोडा. आइतवारी दोन्ही बैल बाजारात नेतोय म्या!”

तात्या बैलांकडं बघत राहिले. चहा न घेताच गेले. तसं आजवर कधी घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पतसंस्था उघडायच्या आधी ते पायरीवर होते. माघारी येताना मला नोटा दाखवल्या. “साडेसात हजार. आज ब्रेकच बघतो.”

“गाडी न्हाई नेत?”

“बिनब्रेकची गाडी सडकंवर काढू? लोक काय म्हणतील!” आणि चालत यष्टीला गेले. आजवर ती सडकेवर काय ढकलत नेत होते, हे विचारायचं त्राण मला नव्हतं.

ऊन उतरता उतरता अंगणात ट्रॅक्टर शिरला. माजलगावकडचा. तिकडं धरणाखाली अजून हिरवं काही उरलं होतं. ट्रॉलीत कडबा, आणि कडब्यावर, नवरदेवासारखे, तात्या. उतरून त्यांनी मला मोटारीला हात लावायला सांगितलं. आम्ही मोटार ढकलून वेशीपर्यंत नेली आणि पेंढ्या उतरवल्या. तात्यांनी त्या भिंतीला लावून स्वतः रचल्या, कारखान्यात साखरेच्या पोत्यांची थप्पी लावावी तशा. अंगभर कुसळं झाली.

मग ते वेशीकडं गेले.

“सरका बे! बाजूला व्हा!”

गाडी आली, दिव्यांपर्यंत घुसली, थांबली. तात्या उतरले. बंपरखालची एक काडी ओढून त्यांनी पाखऱ्यापुढं धरली.

“तात्या,” मी म्हणालो, “आन् ब्रेक?”

“बैल लायनर खात न्हाईत.”