परबसरांना काही विचारू नका

परबसरांना स्टेशनचा रस्ता विचारलात, तर गाडी चुकलीच म्हणून समजा. रस्ता राहिला बाजूला, ते तुम्हालाच विचारणार, "माझ्याआधी कुणाला विचारलंत? पानवाल्याला का नाही विचारलंत?" तुम्ही घामाघूम आणि हे रंगात!

सर माझे घाटकोपरचे शेजारी. मी साकीनाक्याच्या वर्कशॉपात लेथ चालवतो आणि हे कॉलेजात ग्रंथालयशास्त्र शिकवतात. त्यात डॉक्टरेट. विषय काय, तर माणसं माहिती कशी शोधतात आणि मिळाल्यावर तिचं काय करतात. एवढ्यासाठी आयुष्य घातलं बाबांनी! रॉकेलच्या रांगेत तासन्‌तास उभे राहायचे. कुणी कुणाला "आज मिळणार का हो?" म्हटलं की यांचा चेहरा खुलायचा. एकदा या निरीक्षणाच्या नादात स्वतःचा नंबर घालवला आणि रिकामा डबा घेऊन घरी आले. वहिनींनी त्या दिवशी बिल्डिंगभर ऐकू जाईल असा उद्धार केला.

बरं, इतकी वर्षं घासून शोध कुठला लावला? तर नोटीस बोर्ड कुणी वाचत नाही, बोर्डाखाली उभ्या असलेल्या माणसाला विचारतात. वहिनी मालवणच्या. त्या म्हणाल्या, "ह्या माका लग्नाआधीच म्हायत होता."

आम्हाला मात्र उपदेश सतत चालू. ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, मूळ स्रोताकडे जा. कांद्याचा भाव विचारला तरी मूळ स्रोत! डोकं उठायचं यार.

एका वर्षी दिवाळीआधी वहिनींच्या मानेला गाठ आली. तुकडा तपासायला पाठवला. निकाल सांगायला डॉक्टरांनी सरांना बोलावलं, तर सर दवाखान्याऐवजी माझ्या दारात. म्हणाले, "तू जा रे. तू विचार डॉक्टरांना."

मी वैतागलो. नवरा तुम्ही की मी, असं तोंडावर विचारलं. सर चपलांकडे बघत राहिले. "घरात आम्ही दोघंच आहोत रे. मला नाही ऐकवणार." मी चप्पल घातली.

डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, घाबरायचं कारण नाही. बाहेर आलो तर सर रस्त्यापलीकडे, दवाखान्याकडे पाठ करून उभे. जाऊन सांगितलं. डॉक्टर नेमकं काय म्हणाले, काहीएक विचारलं नाही. माझा हात मात्र घट्ट धरला.

"पुन्हा सांग."

सांगितलं. जरा चाललो की परत, "पुन्हा सांग रे." घर येईपर्यंत मी तेच सांगत होतो, आणि सर दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे मान हलवत होते.