थरथरत्या हातांची वेबसाइट

दादाच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाची वेबसाइट धाकट्याने मोठ्या हौसेने केली आणि आठवड्याभरात चालता धंदा पार बसवला.

त्याचं झालं असं. निवृत्त झाल्यापासून धाकटा रोज दादाच्या दुकानात स्टुलावर बसून चहा ढोसायचा. तरी वेळ सरेना, म्हणून त्याने वेबसाइटवर कसं लिहावं याचा दोन दिवसांचा क्लास केला. तिथले सर म्हणाले, "नुसती माहिती कोण वाचतं? वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे!" झालं! जन्मभर कचेरीत स्मरणपत्रं लिहिलेल्या माणसाला रडवायची संधी पहिल्यांदाच मिळाली. त्याने दणकून लिहिलं, 'सत्तरी उलटली, तरी थरथरत्या हातांनी हा कारागीर आजही तुमची घड्याळं उघडतो.'

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं की नाही देव जाणे, पोटात गोळा मात्र आला.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या औषधवाल्या बाई दारात हजर. "काका, माझं घड्याळ द्या परत."

"अहो, अजून उघडलंसुद्धा नाही."

"म्हणूनच म्हणते, द्या!"

त्यांच्यामागे बँकेचे साहेब, मग शाळेच्या हेडबाई. संध्याकाळपर्यंत नऊ घड्याळं गेली. दादाने एकेक घड्याळ पुसून ज्याचं त्याला परत केलं. धाकटा मात्र मेल्याहून मेल्यासारखा झाला. त्याने घाईघाईने वाक्य बदललं, 'आमच्या कारागिराचे हात मुळीच थरथरत नाहीत.' आता ज्यांनी आधीचं वाचलं नव्हतं तेही विचारू लागले, "म्हणजे? पूर्वी थरथरायचे की काय?"

"भावजी, तुम्ही आपला चहाच प्या हो," वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली.

पण धाकट्याला चैन पडेना. पन्नास वर्षांचं दादाचं नाव आपण आपल्या हाताने घालवलं, या विचाराने त्याला जेवण जाईना. शेवटी त्याला एक तोड सुचली. "दादा, मोबाइलसमोर एक घड्याळ उघडून दाखव. व्हिडिओ वेबसाइटवर टाकतो. सगळ्यांची तोंडं बंद होतील!"

दादाने दोन दिवस टोलवाटोलवी केली. आज उजेड कमी, उद्या चष्मा घरी. तिसऱ्या दिवशी त्याने दुकानाचं दार आतून लावलं, भिंग डोळ्याला लावलं आणि चिमट्यात एक बारीकसा स्क्रू धरला. चिमटा लटलट कापत होता. स्क्रू टपकन खाली पडला.

धाकट्याने मोबाइल खाली घेतला.

"वर्ष झालं," दादा म्हणाला. "मनगट टेबलाला दाबून धरतो, तेव्हा कुठे जमतं. तुझ्या वहिनीलाही कळू दिलं नाही. म्हटलं, कळलं की दुकान बंद करायला लावेल."

"पण दादा..."

"तुझ्यावर राग नाही रे. तू लिहिलेलं वाचलं आणि वाटलं, चला, धाकट्याचं तरी लक्ष आहे आपल्याकडे. बरं वाटलं बघ."

धाकट्याला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. वर्षभर तो हातभर अंतरावर बसत होता आणि त्याने दादाच्या हातांकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ते वाक्य त्याने नुसतं रडवायला म्हणून ठोकून दिलं होतं.

"आलं होतं लक्षात," तो खाली वाकून स्क्रू शोधत म्हणाला. स्क्रू तिथेच समोर पडला होता, पण त्याला बराच वेळ मान वर करता आली नाही.