काठासकट पट्ट्या

रूथबाईंसमोर नवी सुती साडी नेसून जाऊ नये. भरल्या लग्नमंडपात त्या तुमचा पदर चिमटीत धरतात, उजेडाकडे करून पाहतात आणि जाहीर करतात, "चाळीस पट्ट्या निंगतीन. जुनी झाली का मले दे."

पट्ट्या म्हणजे जखमेवर बांधायच्या. अचलपूरच्या चर्चमधून परदेशी सेवेला गेलेली पहिली बाई म्हणजे रूथबाई. मलावीतल्या एका मिशन दवाखान्यात त्या बावीस वर्षं नर्स होत्या. आता अमरावतीत माझ्या शेजारी राहतात. दवाखाना मात्र सुटलेला नाही. दर गुरुवारी आम्हा दहा-बारा बायकांना अंगणात बसवून जुन्या साड्या उकळायला, फाडायला आणि गुंडाळायला लावतात, आणि त्या पट्ट्यांचं पार्सल मलावीला धाडतात. मी गणपती बसवणारी, नसीमभाभी पाच वेळची नमाजी. पण "देवाचं देव पाहीन, तुमी हात चालवा," यापुढे धर्मचर्चा जात नाही.

नियम एकच, साडीचा काठ काढायचा नाही. काहून, ते विचारायचं नाही. मी मनातल्या मनात याला म्हातारीचा हट्ट म्हणत असे.

परवा तिकडच्या मुख्य नर्सबाईंचा मेल माझ्या फोनवर आला. काठ टोचतात, त्यांचा रंग जातो. पुन्हा काठासकट पट्ट्या आल्या तर पार्सल घेणार नाही. मी भीतभीत वाचून दाखवला. वाटलं, आता बाई पेटणार आणि आमचं मंडळ बुडणार. रूथबाईंनी गुमान कात्री आणली आणि दुपारभर काठ कापत बसल्या.

एक हिरव्या काठाची साडी तेवढी राहिली. ती तेल्हाऱ्याहून एस.टी.च्या पार्सलनं आली होती, मार्थाच्या आईची. मार्था याच वर्षी त्या दवाखान्यात नर्स म्हणून गेली, तीही रूथबाईंच्याच आग्रहानं.

"हिचा काठ राहिला," मी म्हटलं.

"राहू दे. हे जखमेसाठी नाही, मार्थासाठी हाय. तसं मेलमंदी लिव." मग कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "पह्यल्या वर्षी मी तिथं रोज रडत होती. मंग अचलपूरच्या बायकाइचं पार्सल आलं. उघडलं, त पट्टीले माह्या मायच्या लुगड्याचा काठ!"

"आणि पत्र?"

"तिले लिवता कुठं येत होतं व?"

मला माझीच लाज वाटली. रूथबाईंनी हिरवा काठ वर राहील अशी साडीची घडी घातली आणि चष्मा पुसून तिच्यावर मार्थाच्या नावाची चिठ्ठी टाचली.