पोटातले आठ जीबी

“यात घाबरण्यासारखं काहीच नाही,” असं नवरा म्हणाला आणि तिने हातातलं काम खाली ठेवलं. हेच वाक्य तिने त्याने वॉशिंग मशीन उघडलं तेव्हा ऐकलं होतं, आणि त्यानंतर बरेच दिवस कपडे हाताने धुतले होते.

या वेळी जेवणाच्या टेबलावर त्याचा हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल उताणा पडला होता. पाठ उघडी, आतडी बाहेर. त्याची मेमरी म्हणे कमी पडत होती. जुन्या चार चिपा गरम हवेच्या गनने सोडवायच्या, त्यांच्या जागी दुप्पट मेमरीच्या चार नव्या सोल्डर करायच्या, म्हणजे कथील वितळवून जोडायच्या, की झालं. नवरा विमा कंपनीत नुकसानभरपाईचे अर्ज तपासायचा. लोक घरच्या घरी काय काय जाळून घेतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

“पण ती माणसं आधी व्हिडिओ बघत नाहीत,” तो म्हणाला.

तिने अटी घातल्या. खिडकी सताड उघडी. मधल्या दारातलं बुटकं फाटक बंद. ढमी आजीपाशी, आतल्या खोलीत. ढमी म्हणजे त्यांची नुकतीच रांगायला लागलेली लेक. जमिनीवर जे सापडेल ते आधी तोंडात घालायचं आणि मग त्याविषयी मत बनवायचं, असा तिचा खाक्या होता.

शिवाय तिचा स्वतःचा एक उपाय होता. रुंद, खाकी चिकटपट्टी तळहाताभोवती उलटी गुंडाळायची, चिकट बाजू बाहेर. मग गुडघ्यांवर बसून ढमीच्या उंचीवरून सगळी फरशी थोपटत जायचं. केस, टाचण्या, कसल्याकसल्या कपच्या, सगळं हाताला चिकटून येई.

“झालं का जमिनीचं मालिश?” सासूबाईंनी रोजच्यासारखं विचारलं. “अगं, आम्ही पण पोरं वाढवली. हा तर मातीच खायचा.”

“दिसतंय ना आई,” ती टेबलाकडे बघत म्हणाली.

तीन चिपा बसल्या. नवऱ्याचा चेहरा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरसारखा झाला होता. चौथी चिमट्यात धरली, आणि फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरसाठी लावलेल्या चिकट रसायनाचा, धूर नाकात गेला. दोनदा तोंड वाकडं करून त्याने शिंक परतवली. तिसऱ्यांदा मात्र अशी दणकून शिंकला की आत ढमीनेही भोकाड पसरलं. चिमटा टेबलाखाली गेला. नवरा चिमटा उचलून नाक धुवायला उठला. तो जागेवरून उठला की तिने फरशी थोपटायची, असं ठरलंच होतं. तिने हाताला पट्टी गुंडाळली, टेबलाखाली हात फिरवला. कान मात्र आतल्या रडण्याकडे. पट्टी उजेडात धरून बघणार, एवढ्यात तो परत आला आणि टॉर्च घेऊन खुर्चीखाली शिरला.

“काय हरवलंय?”

“काही नाही.”

“काही नाही शोधायला टॉर्च लागतो?”

“चिप,” तो खुर्चीखालून म्हणाला. “करंगळीच्या नखापेक्षा जराशी मोठी. असेल इथेच.”

तिने वळून पाहिलं. फाटक उघडं. खिडकीच्या लांब पडद्याआड ढमी शांत बसलेली. आणि ढमी शांत असते तेव्हा ती काहीतरी चावत असते. तिने झडप घालून ढमीच्या तोंडात बोट घालायला आणि ढमीने तोंडातलं गिळायला एकच गाठ पडली. गिळून झाल्यावर ढमी गोड हसली.

पुढचं सगळं धावपळीत झालं. सासूबाई मागून काहीतरी ओरडत होत्या. ते कुणी ऐकलं नाही. टॅक्सीत ढमीचा मोजा पायातून निघून आईच्या हाताला चिकटला, तो काढला तर टोपी चिकटली. तिला त्याचं भान नव्हतं. तिला डोळ्यांपुढे फक्त एक इवलंसं पोट दिसत होतं आणि त्यात चौकोनी, टोकदार कोपरे.

“काय गिळलंय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“आठ जीबी,” नवरा म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“म्हणजे... ही. अशी. पण ही जुनी, चारची.” त्याने नमुना म्हणून खिशात घालून आणलेली चिप पुढे केली.

“आकार सांगा हो, क्षमता नको.”

तो तरीही सांगत राहिला, “माझं चुकलं, सगळं माझंच चुकलं. ते यंत्र मी उद्या फेकून देतो.” तिने त्याच्यासाठी तयार करून ठेवलेली वाक्यं मागे घेतली.

एक्स-रेच्या खोलीत तंत्रज्ञाने तिच्या अंगावर शिशाचा जड एप्रन चढवला. “बाळाला दोन्ही हातांनी घट्ट धरा. हाताला काय, लागलंय वाटतं?”

“हाताचं जाऊ द्या हो, पोट बघा!”

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडावर लावली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली. नवऱ्याने बायकोचं मनगट घट्ट धरलं.

“पोट साफ आहे,” त्या म्हणाल्या. “काहीही नाही.”

ती स्टुलावर बसली आणि ढमीच्या मानेत तोंड खुपसून हसली की रडली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“पण चिप आहे,” डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. “ही बघा.”

फिल्मच्या कडेला एका मोठ्या माणसाच्या हाताची हाडं होती. आणि त्या हाडांवर, बारीक ठिपक्यांच्या सुबक रांगा असलेला एक चौकोन.

सगळ्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. तिने सावकाश तळहात उताणा केला. पट्टीवर टोपीची लोकर, केसांचा गुंता, आणि त्याखाली काळीभोर, ऐटीत बसलेली चिप.

नवऱ्याने आठ जीबीकडे पाहिलंच नाही. तो ढमीकडे बघत राहिला. “तू हात फिरवला नसतास तर,” तो म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडलं.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. “कधीपासून ओरडतेय, बिस्कीट आहे, बिस्कीट! मीच दिलं होतं. फाटकही माझ्याच हातून उघडं राहिलं.” मग पोट साफ आहे हे ऐकून त्या मटकन खुर्चीत बसल्या.

संध्याकाळी तिनेच नवऱ्याला म्हटलं, “बसव आता ती. एवढी मिरवून आणलीय.” ढमीला कडेवर घेऊन ती फाटकाबाहेर उभी राहिली. चिप बसली. बटण दाबलं. पडदा काळा, काळाच, आणि मग एकदम उजळला.

“बत्तीस जीबी!” नवरा ओरडला.

“म्हणजे आता काय होणार?” सासूबाईंनी विचारलं.

“खेळ अडखळणार नाही.”

“आधी अडखळायचा?”

“तसा... फारसा नाही.”

सकाळी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. नवऱ्याचे नव्हते. सासूबाई गुडघे टेकून, तळहाताला खाकी पट्टी गुंडाळून, फरशी मन लावून थोपटत होत्या.

“उभी काय राहिलीस?” आतून आवाज आला. “सोफ्याखालचं तू घे. माझा हात भरला.”